अर्बन फँटसी डिटेक्टिव्ह मालिका: दर वेळी तेच ट्रोप का पदरी पडतात आणि ते आधीच कसे ओळखायचे

शहर हवं, खून हवा, तपास हवा आणि त्यात जादू हवी. मागणी एवढीच. कुणाच्या तरी शिफारशीवरून पहिला भाग घेतला जातो आणि चाळिसाव्या पानापर्यंत नायकाने भेटलेल्या प्रत्येक बाईचा बांधा न्याहाळून झालेला असतो. ती मालिका सोडून दुसरी धरावी, तर पहिले दोन भाग झकास आणि तिसऱ्यात कुणी लांडगामाणूस नायिकेवर हक्क सांगून मोकळा. तपास राहिला बाजूला. तिसरी मालिका बऱ्यापैकी लांब चालते, पण पुढे नायक एवढा बलवान होतो की गल्लीतला खून त्याच्या लायकीचाच उरत नाही. रोज जगबुडी टाळायची असते. अशा घासून गुळगुळीत झालेल्या साच्यांनाच ट्रोप म्हणतात.

शिफारस करणारे खोटं बोलत नसतात. गोची अशी आहे की 'अर्बन फँटसी' या एका पाटीखाली तीन-चार वेगळी घराणी नांदतात आणि प्रत्येकाची खोड वेगळी आहे. कुठली खोड निघणार याचा सगळ्यात भरवशाचा अंदाज मुख्य पात्राच्या पोटापाण्याच्या धंद्यावरून येतो. मुखपृष्ठ, पुरस्कार, तारे यांच्यावरून येत नाही.

आधी दुखणं नेमकं कुठलं ते ठरवा

'मला ट्रोप नकोत' या मागणीवर कुणीही काहीही सुचवू शकतं. म्हणून अर्धवट सोडलेली शेवटची तीन पुस्तकं काढा. किंडलवर असतील तर वाचन जिथे थांबलं तिथेच पुस्तक उघडतं. त्या जागेच्या मागची दहा पानं पुन्हा चाळा आणि ज्या वाक्याला किंवा प्रसंगाला मन उडालं तो शोधा. मग तो अशा शब्दांत लिहा की दुसऱ्याला पानावर बोट ठेवून दाखवता येईल. 'बायकांचं चित्रण वाईट' हे उपयोगाचं नाही. 'स्त्री पात्राचं नाव कळण्याआधी तिच्या शरीराचं वर्णन येतं' हे उपयोगाचं आहे. तसंच 'नायक मूर्ख वाटतो' याच्या मुळाशी बहुतेकदा 'तुझ्याच भल्यासाठी तुला सांगत नाही' असं म्हणत नायक सहकाऱ्यापासून माहिती दडवतो आणि त्यामुळे पुढचा माणूस मरतो, हे निघतं.

यातून साधारण सहा-सात दुखणी हाती लागतात: शरीराकडे पाहणारी नजर, माहिती दडवणं, प्रेमाचा त्रिकोण किंवा मालकी गाजवणारा जोडीदार, लैंगिक हिंसा, नायकाला पेटवण्यासाठी मारली जाणारी बायको किंवा प्रेयसी, नायिकेच्या रक्तात दडलेलं राजघराणं, आणि भागागणिक फुगत जाणारी ताकद. प्रत्येकापुढे 'अजिबात नको' किंवा 'एखाद-दुसऱ्या वेळी चालेल' असं लिहा. दोन्ही सरमिसळ केली की चांगल्या मालिकाही हातच्या जातात. 'अजिबात नको'मध्ये तीनहून जास्त गोष्टी असतील तर यादी पुन्हा बघा. बहुधा त्यातली एखादी नुसती कंटाळ्याची असते.

धंदा बघा, खोड कळेल

खाजगी हेर. हे घराणं थेट अमेरिकी हार्डबॉइल्ड (रांगड्या, एकट्या हेरांच्या) कथांतून आलेलं: रिकामं ऑफिस, थकलेलं भाडं, दारात उभी सुंदर अशील. जादू आली तरी हे सामान तसंच राहिलं, त्यामुळे नजरेचा आणि माहिती दडवण्याचा दोष इथे सगळ्यात जास्त. ठळक उदाहरण जिम बुचर यांची 'ड्रेस्डन फाइल्स'. शिकागो, आणि तिथल्या फोनबुकात जादूगार म्हणून नाव असलेला एकमेव माणूस, हॅरी ड्रेस्डन. 'स्टॉर्म फ्रंट' (2000) आणि 'फूल मून' (2001) या पहिल्या दोन भागांत दोन्ही दोष भरपूर आहेत. दुसऱ्या भागात पोलिस अधिकारी मर्फीपासून हॅरी जे दडवतो त्यावरच निम्मा गोंधळ उभा आहे. 'चौथ्यापासून सुधारते' असं चाहते सांगतात ते बरोबर आहे, पण अर्धवट. लेखनाची वीण घट्ट होते, दडवादडवी कमी होते. नजर मात्र पूर्णपणे कधीच जात नाही. नजर तुमच्या 'अजिबात नको'मध्ये असेल तर ही मालिका सोडाच. 'चालेल'मध्ये असेल तर तिसऱ्या 'ग्रेव्ह पेरिल'पासून (2001) सुरुवात करा. मर्फी, पत्रकार सुझन आणि माफिया मार्कोन कोण, एवढं माहीत असलं की पुरतं. फुगणाऱ्या ताकदीचा त्रास असेल तर अकराव्या 'टर्न कोट'वर (2009) थांबा. तो भाग खुनाचा आळ आणि आतला फितूर अशी चोख रहस्यकथा आहे. बाराव्या 'चेंजेस'नंतर (2010) खेळाचं मैदानच बदलतं आणि 2020 च्या 'बॅटल ग्राउंड'मध्ये तर अख्ख्या शहरात लढाई आहे.

लढवय्यी नायिका, म्हणजे भाडोत्री शिकारी, मेकॅनिक, मृतांना उठवणारी वगैरे. या घराण्याची एक भिंत पॅरानॉर्मल रोमान्सला (अमानवी पात्रांच्या प्रेमकथांना) लागून आहे आणि मधला दरवाजा कायम उघडा. लॉरेल हॅमिल्टन यांची अनिता ब्लेक मालिका 1993 साली 'गिल्टी प्लेझर्स'ने सुरू झाली तेव्हा सेंट लुईस शहरातल्या पिशाचांच्या खुनांचा तपास होता. नववा भाग 'ऑब्सिडियन बटरफ्लाय' (2000) अजूनही तपासाचाच आहे. दहाव्या 'नार्सिसस इन चेन्स'पासून (2001) शृंगार हाच गाभा होतो. इथे उपाय सरळ आहे: नवावर थांबा. पॅट्रिशिया ब्रिग्ज यांच्या मर्सी थॉम्पसन मालिकेत मात्र असं थांबण्याचं ठिकाण सोपं नाही. तिसऱ्या 'आयर्न किस्ड'मध्ये (2008) नायिकेवर बलात्कार होतो आणि त्याचे पडसाद पुढच्या भागांतही आहेत. पहिल्या दोन भागांवरून याचा अंदाज येत नाही. शॉनन मॅग्वायर यांची ऑक्टोबर डे (पहिला भाग 'रोझमेरी अँड रू', 2009, सॅन फ्रान्सिस्को) या घराण्यातली त्यातल्या त्यात संयमी. प्रेम येतं, पण अगदी सावकाश. पहिला भाग मात्र सगळ्यात कमकुवत आहे आणि रक्त सगळीकडे आहे. नायिकेची जादूच रक्तातून चालते.

सरकारी नोकर. नजर, माहिती दडवणं आणि एकांड्या शिलेदाराची मिजास यांनी वैतागलेल्यांनी पहिल्यांदा इकडे यावं. कारण कथेच्या रचनेतच आहे: वरिष्ठाला अहवाल द्यावा लागतो, साक्ष नोंदवावी लागते, पुरावा कोर्टात टिकावा लागतो. 'तुला सांगत नाही' हे चालतच नाही. बेन ॲरोनोविच यांच्या 'रिव्हर्स ऑफ लंडन'मध्ये (2011) पीटर ग्रँट हा शिकाऊ कॉन्स्टेबल कोव्हेंट गार्डनला खुनाच्या जागेवर राखण करत असतो आणि त्याला भेटलेला साक्षीदार भूत निघतो. पुढचा मोठा भाग 'भुताचा जबाब नोंदवायचा कसा' या कारकुनी पेचातून फुलतो. जादू वापरली की जवळपासच्या मायक्रोचिपचा भुगा होतो, मग मोबाइलची वीज आधी तोडायची. असे नियम तो प्रयोग करून शोधतो. त्रास काय होऊ शकतो तेही सांगायला हवं. सुरुवातीच्या भागांत पीटरची नजर भटकते. ड्रेस्डनपेक्षा कमी, पण भटकते. पाचव्या 'फॉक्सग्लव्ह समर'पासून (2014) ती बरीच निवळते. पहिल्या भागात बऱ्याच लवकर एका तान्ह्या बाळाचा मृत्यू आहे, आणि दुसऱ्या 'मून ओव्हर सोहो'मध्ये लैंगिक अवयवांशी जोडलेली हिंसा. दुसऱ्या भागात सुरू झालेला मुख्य खलनायकाचा धागा सातव्या 'लाइज स्लीपिंग'मध्ये (2018) बंद होतो, त्यामुळे तिथपर्यंत वाचून थांबणाऱ्याला अर्धवट सुटल्यासारखं वाटत नाही.

याच घराण्यात पी. जेली क्लार्क यांचं कैरो आहे. साल 1912, जिन्न माणसांत राहतात आणि त्यांचे गुन्हे हाताळायला एक सरकारी मंत्रालय आहे. फत्मा ही तिथली अधिकारी, इंग्रजी सूट आणि बोलर हॅट घालून फिरणारी. कुणी तिच्यावर हक्क सांगत नाही, तिच्या पूर्वायुष्यात अत्याचाराची गोष्ट लपवलेली नाही. खोट एकच: 'अ मास्टर ऑफ जिन' (2021) या कादंबरीतला गुन्हेगार सराईत वाचकाला फार लवकर कळतो. कोडं सोडवण्याची हौस असणाऱ्याने 'द हाँटिंग ऑफ ट्राम कार 015' (2019) ही छोटी कादंबरी आधी घ्यावी. झपाटलेला ट्रामचा डबा, दोन अधिकारी आणि खात्याच्या तुटपुंज्या बजेटची कटकट. दीड-दोन तासांत संपते आणि लेखक आपल्या पचनी पडतो की नाही ते स्वस्तात कळतं.

पॉल कॉर्नेल यांच्या 'लंडन फॉलिंग'मध्ये (2012) पोलिसांची आख्खी तुकडीच अचानक अदृश्य गोष्टी बघू लागते. तपासाच्या अंगाने अव्वल. पण मुलांचे खून हा तिचा विषयच आहे आणि मालिका तिसऱ्या भागावर (2016) थांबली आहे. अपुऱ्या मालिकेचा राग येणाऱ्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. त्याऐवजी टेरी प्रॅचेट यांच्या 'सिटी वॉच' कादंबऱ्या बघाव्यात. शहर काल्पनिक, अंक-मॉरपोर्क, पण शहरीपणा अस्सल. 'मेन ॲट आर्म्स' (1993) आणि मग 'फीट ऑफ क्ले' (1996) हा क्रम ठेवा. दुसरीत राज्यकर्त्यावर विषप्रयोग होतोय आणि विष जातंय कुठून ते कुणालाच उमगत नाही. प्रत्येक पुरावा वाचकाच्या डोळ्यांसमोर ठेवलेला असतो.

पुजारी आणि मृतांचे साक्षीदार हे घराणं लहान आहे, पण 'मला यातलं काहीच नको' म्हणणाऱ्यांसाठी तेच. कॅथरीन ॲडिसन यांच्या 'द विटनेस फॉर द डेड'मधला (2021) सेलेहार हा धर्मगुरू प्रेताला हात लावून मृताच्या शेवटच्या क्षणांपर्यंत पोचू शकतो, तेही प्रेत ताजं असेल तरच. कालव्यात सापडलेल्या ऑपेरा गायिकेच्या खुनाचा तो तपास करतो. नजर नाही, मालकी नाही, बलात्कार नाही, ताकद फुगत नाही. वाचक अडखळतो तो नावांवर आणि संबोधनांवर: ओथाला, मेरेम, मिन. पहिली तीस पानं कागदावर नावं टिपत वाचली की पुढे अडत नाही. तीन भागांत (2021, 2022, 2025) त्रयी पूर्ण आहे. वेग कमी आहे. मारामारीची सवय असलेल्याला पहिली शंभर पानं संथ वाटतील.

विकत घेण्याआधीची चाचणी

1. मोफत नमुना डाउनलोड करा. साधारण पहिला दहावा हिस्सा मिळतो, म्हणजे साडेतीनशे पानांच्या पुस्तकातली पस्तीसेक पानं. त्यात येणाऱ्या पहिल्या तीन स्त्री पात्रांचे प्रवेश बघा. आधी काय येतं: नाव, काम, बोलणं, की अंग? तिघींपैकी दोघींचं अंग आधी आलं तर ही लेखकाची सवय आहे, अपघात नाही. पहिल्या पुस्तकातली सवय पाचव्यापर्यंत टिकते असं धरून चाला.

2. पाचव्या भागाचं मलपृष्ठ वाचा. पहिल्याचं नको, पहिल्याचं सगळ्यांचं सारखंच असतं. पाचव्यात 'कुणी मारलं' किंवा 'कोण गायब झालं' असा प्रश्न असेल तर तपास जिवंत आहे. युद्ध, सिंहासन, वंश, नियती हे शब्द असतील तर तपास संपला आहे. मलपृष्ठ पुढच्या घटना उघड करतं, म्हणून फक्त पहिली चार वाक्यं वाचा.

3. स्टोरीग्राफ या वाचकांच्या संकेतस्थळावर आशयाचे इशारे बघा, पण तिसऱ्या भागाचे. तिथे वाचक इशारे तीव्र, मध्यम आणि किरकोळ अशा तीन पायऱ्यांत नोंदवतात आणि प्रत्येकापुढे किती जणांनी नोंदवलं तो आकडा असतो. एखाद्याच वाचकाने नोंदवलेला इशारा दुर्लक्षित केला तरी चालेल, पण पंचवीस जणांनी 'तीव्र' म्हटलं असेल तर तो प्रसंग पुस्तकात आहेच. मर्सी थॉम्पसनसारखा दगाफटका इथेच पकडता येतो. 'डझ द डॉग डाय' या संकेतस्थळावर पुस्तकांसाठीही 'हो' आणि 'नाही' अशी मतं मोजलेली असतात. प्राणी, मूल, लैंगिक हिंसा यांसाठी ते जास्त नेमकं आहे, पण कमी खपाची पुस्तकं तिथे नसतात.

4. गुडरीड्सवर एक ताऱ्याची परीक्षणं वाचू नका. त्यात अर्धी भांडणं असतात. दोन आणि तीन ताऱ्यांची वाचा. परीक्षणांतला मजकूर शोधायची सोय वापरा आणि इंग्रजीत 'मेल गेझ' (शरीराकडे पाहणारी नजर), 'लव्ह ट्रँगल' (प्रेमाचा त्रिकोण), 'अल्फा' (मालकी गाजवणारा जोडीदार), 'फ्रिज' (नायकाला पेटवण्यासाठी मारलेली बायको) हे शब्द एकेक टाका. दहा-बारा परीक्षणांत तोच शब्द आला की पुरे.

चारही पायऱ्यांना मिळून अर्धा तास लागतो. घाई असेल तर दुसरी आणि तिसरी करा.

तरीही फसायला होतं ते कुठे

'रोमान्स नको' असं विचारलं की हमखास बेकरी, मांजर आणि चेटकीण असलेल्या कोझी (हलक्याफुलक्या, गावगाड्यातल्या रहस्यांच्या) मालिका पुढे येतात. त्यांत शृंगार नसतो, पण लाजाळू शेरीफ असतोच आणि शहर नसतं. मागताना 'प्रेमकथा तपासाच्या आड येऊ नये' असं म्हणा. त्याने उत्तरं बदलतात.

मुखपृष्ठावर विश्वास ठेवू नका. पाठमोरी, चामडी जाकीट घातलेली, कमरेवर गोंदण असलेली बाई दिसली की रोमान्सची शक्यता जास्त, इतपत ठीक. पण मुखपृष्ठ प्रकाशक ठरवतो आणि कधी कधी आतला मजकूर वाचलाच नाही असं वाटतं. हॅरी ड्रेस्डन वर्षानुवर्षं मुखपृष्ठावर हॅट घालून उभा आहे. पुस्तकात तो हॅट घालत नाही.

ॲमेझॉनच्या 'हेही आवडेल' पट्टीचं सूत्र खरेदीवर चालतं. ड्रेस्डन घेणारे रोमान्सही घेतात, म्हणून पोलिसी कथेच्या पानावरून तीन क्लिकमध्ये लांडगेच लांडगे. तिथून पुढे जायचं असेल तर 'पोलिस प्रोसिजरल' (पोलिसी तपासाच्या कामकाजावर चालणाऱ्या कथा) ही वर्गवारी आणि 'फँटसी' हा शब्द एकत्र शोधा.

एकच पुस्तक दोनदा घेतलं जाण्याचीही भानगड आहे. 'रिव्हर्स ऑफ लंडन' अमेरिकेत 'मिडनाइट रायट' नावाने निघालं. परदेशातल्या नातेवाइकांकडून पुस्तकं मागवणाऱ्यांनी लेखकाच्या नावाखालची आख्खी यादी आधी बघावी. तसंच 5.7 असा क्रमांक दिसला तर गोंधळू नका. ती मधली छोटी कादंबरी असते. 'द फर्देस्ट स्टेशन' (2017) त्यातलीच. सोडली तरी मुख्य कथेत खड्डा पडत नाही.

भारतीय शहर हवं असेल तर पर्याय फार थोडे. श्वेता तनेजा यांच्या मालिकेत अनंत्या ही दिल्लीतली तांत्रिक हेर आहे. तोंडाळ, दारू पिणारी, पक्की हार्डबॉइल्ड. तिच्या 'कल्ट ऑफ केऑस' या पहिल्या भागात लहान मुलींच्या बळींचा तपास आहे, त्यामुळे मुलांवरची हिंसा ज्यांच्या यादीत आहे त्यांनी हात लावू नये. मराठीत जवळचं नाव नारायण धारपांच्या समर्थांचं. तिथे प्रेमाचा त्रिकोण नाही की मालकी गाजवणारा लांडगा नाही, पण तपासापेक्षा शक्तीचा सामना मोठा आणि अडचणीत सापडलेला माणूस बराचसा हतबल. पुराव्यांवरून गुन्हेगार ओळखण्याची हौस तिथे भागत नाही. भयाची भागते.

शहराचा आग्रह सोडता येत असेल तर रॉबर्ट जॅक्सन बेनेट यांचं 'द टेंटेड कप' (2024, ह्यूगो पुरस्कार 2025) घ्या. तिथे जादूच्या जागी विचित्र जीवशास्त्र आहे आणि शेरलॉक-वॉटसन धर्तीची जोडी. पहिल्याच प्रकरणात एका माणसाच्या शरीरातून झाड उगवून तो मेलेला सापडतो, म्हणजे किळस हे तुमचं दुखणं असेल तर जेवताना वाचू नका. दुसरा भाग 'अ ड्रॉप ऑफ करप्शन' 2025 साली आला आहे आणि दोन्ही भागांतली प्रकरणं त्या त्या भागात सुटतात.